टक् झाल्याशिवाय हात काढायचा नाही

माझ्या काकाला कुजबुजता येत नाही. प्रयत्न तो मनापासून करतो. तोंडाशी हात नेतो, मान खाली घालतो, डोळे बारीक करतो, आणि मग जे बोलतो ते रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जातं. एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो, तेव्हा त्याने मला गुपचूप सांगितलं, की समोरच्या माणसाच्या डोक्यावरचे केस त्याचे स्वतःचे नाहीत. तो माणूस उठून चालता झाला. "बघ," काका म्हणाला, "घरी गॅस चालू राहिला असणार बिचाऱ्याचा."

धंद्यात सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याचं काम चोख त्याने आवाज कशाला दाबावा, असं त्याचं मत. बत्तीस वर्षं तो वायरमन आहे. आधी दिवे-पंखे, मग टेलिफोन, मग इंटरनेटच्या तारा, आणि आता वायफाय. जग पुढे गेलं तसा तोही गेला, फक्त पकड आणि पिशवी तीच राहिली. माहितीपुस्तिका तो कधी उघडत नाही. "ज्याने पेटी बनवली त्याला भिंत माहीत नाही," म्हणतो, आणि पुस्तिकेची घडी घालून शिडीच्या डगमगत्या पायाखाली सारतो.

मी त्याची पुतणी. पाच वर्षांपूर्वी मी एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघत होते. राग माझ्या नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, साहेबांना नव्हतं. एके दिवशी चारचौघांत मी त्यांना म्हटलं, की कळत नसेल तर बोलू नये. दुसऱ्या दिवसापासून मी घरी. जो येईल तो मला समजावून जायचा. काका आला, चहा प्यायला, कप धुऊन ठेवला आणि म्हणाला, "उद्या सकाळी आठला तयार राहा. भांडायचंच असेल तर भिंतींशी भांड, कार्टे. त्या उलट बोलत नाहीत."

तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली आहे. भिंत त्याची, लॅपटॉप माझा.

आम्ही जे बसवतो त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. वायफायची पेटीच, पण भिंतीच्या आत बसणारी. जुनं सॉकेट काढायचं, मागची तार बाहेर घ्यायची, तिच्या टोकाचा प्लग पेटीच्या पाठीत खोचायचा, आणि तळहाताएवढी ती पांढरी पेटी भिंतीत सरकवून स्क्रू आवळायचे. एकाच तारेतून इंटरनेटही येतं आणि वीजही. पेटीच्या खालच्या अंगाला आणखी एक भोक असतं, तिथे खोलीतला टेलिफोन जोडता येतो. हे झालं काकाचं. मग दूर कुठल्यातरी कोठीच्या खोलीत, जिथे सगळ्या तारा जमतात, तिथे मी लॅपटॉप घेऊन बसते. एकेक पेटी पडद्यावर उगवली की तिला खोलीचा नंबर द्यायचा, पासवर्ड घालायचा आणि तिचा जोर कमी करायचा. कमी अशासाठी, की सगळ्या पेट्या एकदम जोरात बोलायला लागल्या तर मोबाइल गोंधळतो आणि भलत्याच खोलीतली पेटी धरून बसतो. काकाला हे अजून पटलेलं नाही. माझ्या कामाला तो उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो.

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे उलटं होतं, काकाचे कान भिंतीला असायचे. बोटाच्या पेरांनी तो भिंत वाजवायचा आणि पाइप कुठून गेलाय ते सांगायचा. पंखा लावला की डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठलं पातं वाकडं आहे ते ओळखायचा. हाताची कातडी पोळून, सोलून, घट्टे पडून अशी झालीय की गरम कप त्याला थंड वाटतो, त्यामुळे सगळी भिस्त कानांवर. पहिल्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट शिकवली होती. प्लग खोचला की आतली बारीक कडी अडकते आणि टक् असा आवाज होतो. "टक् झाल्याशिवाय हात काढायचा नाही. दिवा लागला तरी नाही. दिवा फसवतो, टक् फसवत नाही."

गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला ऐकू कमी यायला लागलं.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून गप्प होते. काकूने एकदाच कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते एवढंच, की टीव्हीचा आवाज वाढव. आमच्या शेजाऱ्यांनी त्यांचा टीव्ही विकून टाकलाय, बातम्या आमच्याकडूनच ऐकतात, असं काकू सांगते. काकाने स्वतःपुरता एक तोडगा काढला होता. ऐकू आलं तर तो साधं उत्तर द्यायचा. नाही आलं तर मान जोरात हलवायची आणि "बरोबर, बरोबर" म्हणायचं. दोनदा. जगात बहुतेक लोकांना आपलं बरोबर आहे एवढंच ऐकायचं असतं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

मला आला. एका दुकानात त्याने बसवलेली पेटी हिरवीगार दिसत होती आणि मी सहज तार ओढली तर प्लग हातात आला. मी काही बोलले नाही. एरवी मी चहात साखर कमी पडली तरी बोलते. त्या दिवसापासून तो पुढच्या भिंतीकडे गेला, की मागे राहून मी प्रत्येक तार हलकेच ओढून बघायला लागले. सुटली तर पुन्हा खोचायची, टक् ऐकायचा, आणि मग त्याला हाक मारायची, "काका, स्क्रू आवळ." तीन महिने असं चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात नर्सिंग हॉस्टेलचं काम आलं. मोठ्या रुग्णालयाच्या आवारातली तीन मजल्यांची इमारत, मजल्याला बारा खोल्या, छत्तीस खोल्यांत छत्तीस पेट्या. इतकं मोठं काम आम्हाला आधी मिळालं नव्हतं. ते नीट झालं तर रुग्णालयाचे वॉर्डही आमच्याकडे येणार होते, आणि काकाने घरी जाहीर केलं होतं, की वॉर्ड मिळाले की आणखी दहा वर्षं तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. काकू म्हणाली, "आत्ताही ऐकत नाहीसच." तो म्हणाला, "बरोबर, बरोबर."

हॉस्टेल मेट्रनबाईंच्या ताब्यात होतं. पन्नाशीच्या, सडपातळ, आणि आवाज इतका हळू की समोरच्याने आपोआप वाकावं. त्यांची अट एकच. निम्म्या सिस्टर रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या असतात, तेव्हा इमारतीत आवाज नको. हे त्या काकाला सांगत होत्या. मी जमिनीकडे बघत उभी होते.

पहिल्या तासाभरात तीन दारं उघडली. तिसऱ्या दारातून केस विस्कटलेली एक सिस्टर बाहेर आली, काकाकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुम्ही मनात बोलाल का?" आणि दार लावून घेतलं. तेव्हा मी आणि काकाने ठरवलं, की आता बोलायचंच नाही. सगळं खुणांनी. पेचकस हवा असेल तर मनगट फिरवायचं, पेटी पडद्यावर दिसली की मी दारात येऊन अंगठा दाखवायचा, जेवायची वेळ झाली की पोटावर हात.

तो दिवस आणि दुसरा, असे दोन दिवस काका इतका खुशीत होता की मला आधी कळेचना काय झालंय. मग लक्षात आलं. माझं एकही बोलणं त्याच्याकडून चुकत नव्हतं, कारण बोलणंच नव्हतं. एरवी दिवसभर तो अंदाज बांधत असतो, ओठांकडे बघत असतो, आणि त्याने तो दमतो हे मला तेव्हा कळलं. मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की त्या दिवशी मी त्याचा डबासुद्धा धुतला.

दोन दिवसांत खालचे दोन मजले संपले. मी प्रत्येक खोलीत मागे थांबून तार ओढली. तेवीस खोल्यांत.

बावीस नंबरची खोली राहिली. ती महत्त्वाची खोली होती. ऑपरेशन थिएटरसाठी आयत्या वेळी बोलवायची सिस्टर तिथे झोपायची आणि उशाशी तिचा टेलिफोन असायचा. तो फोन आता आमच्या पेटीच्या खालच्या भोकात जोडायचा होता. काकाने तिथे पेटी लावायला घेतली तेवढ्यात मेट्रनबाईंनी मला पासवर्डसाठी खाली बोलावलं. त्यांना तो सोपा हवा होता आणि मला अवघड, त्यात दहा मिनिटं गेली. परत आले तर स्क्रू आवळून झाले होते. पेटीवर हिरवा दिवा होता, फोन उचलला तर चालू होता, काकाने अंगठा दाखवला. स्क्रू पुन्हा काढायला सांगावं तर कारण सांगावं लागलं असतं. मी दिवा बघितला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तो फोन मेला.

भिंतीच्या आत तार वाकवून बसवलेली असते. कडी अडकलेली नसली, तर वाकलेली तार प्लगला तासन्‌तास हळूहळू मागे ढकलते. तसंच झालं होतं. पेटी बंद, म्हणून तिच्यातून वीज घेणारा फोनही बंद. थिएटरमधून फोन येत राहिले, इकडे घंटी वाजलीच नाही. फोन आहे म्हणून सिस्टरने मोबाइल बंद ठेवून डोळे मिटले होते. शेवटी थिएटरमधली एक सिस्टर आवार ओलांडून, जिने चढून धावत आली आणि तिने दार बडवलं. ऑपरेशनला वीस मिनिटं उशीर झाला. पेशंटला काही झालं नाही. हे मी आधीच सांगते, कारण आम्हाला ते संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं आणि तशी दुपार वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

काकाने स्क्रू काढले. पेटी बाहेर आली आणि तार आत भिंतीतच राहिली. मी बघितलं, काकाने बघितलं, आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या मेट्रनबाईंनीही बघितलं.

"हे कसं झालं?" त्यांनी विचारलं. तेवढं त्याला कळलं, कारण त्या वेळी कुणीही तेच विचारलं असतं.

"घाईत राहिलं," काका म्हणाला.

बत्तीस वर्षांत माझ्या काकाने घाई केलेली नाही. स्वतःच्या साखरपुड्याला तो दीड तास उशिरा पोचला होता, वाटेत कुणाचा तरी फ्यूज उडाला होता म्हणून. निष्काळजी म्हणवून घ्यायला तो तयार होता, पण बहिरा नाही. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

पेटी नीट बसवून, टक् मी स्वतः ऐकून, आम्ही खाली मेट्रनबाईंच्या ऑफिसात गेलो. त्या टेबलामागे बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमच्याकडेही चुका होतात," त्या त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी पहिल्यांदा विचारते, कशी झाली. औषधाच्या दोन बाटल्या सारख्या दिसल्या, हे कारण झालं. मग आम्ही बाटल्या वेगळ्या ठेवतो आणि ती चूक परत होत नाही. पण 'घाईत राहिलं' हे कारण नाही. जे एकदा राहतं ते पुन्हा राहतं. तुम्हाला दुसरं काही सांगायचं आहे का?"

काकाने मान जोरात हलवली. "बरोबर, बरोबर."

"म्हणजे नाही."

"बरोबर, बरोबर."

"मग वरच्या मजल्यासाठी मी दुसऱ्या कुणाला तरी बघते. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"अगदी बरोबर, बाई," काका म्हणाला आणि हात जोडून बाहेर पडला.

मी त्याच्या मागे धावले. तो पिशवी खांद्यावर टाकून जिना चढत होता. वर, तिसऱ्या मजल्याकडे. चढता चढता त्याने मला मनगट फिरवून खूण केली, पेचकस घेऊन ये.

पहिल्या वळणावर मी त्याला गाठलं आणि दोन पायऱ्या वर जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले, म्हणजे माझे ओठ त्याला दिसावेत.

"काका, आपल्याला काढलं."

"कुणी?"

"बाईंनी. आत्ता. तुझ्यासमोर. त्या उद्यापासून येऊ नका म्हणाल्या आणि तू अगदी बरोबर म्हणालास."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि तो पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसले, त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला. बरा कान उजवा आहे हेही आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मी तुझ्या मागून तारा ओढून बघते," मी म्हटलं. "तीन महिने झाले. प्रत्येक तार. फक्त ही बावीस नंबरची राहिली."

"प्रत्येक?"

"हो."

"किती सुटल्या?"

"अकरा."

तो आकडा त्याने मनात फिरवला. कारागीर माणूस, माफी-बिफी त्याला सुचत नाही. "अकरा म्हणजे फार झाल्या," तो म्हणाला. आणि मग, "मला का नाही सांगितलंस?"

"तू काकूशी दोन दिवस बोलला नव्हतास."

"तुझ्याशी बोललो असतो."

"नसतास बोललास. घरी बसला असतास. आणि तू घरी बसलास तर मी कुणाबरोबर कामाला जाऊ?" मी म्हटलं. "माझ्या या तोंडामुळे मला कुणी दुसऱ्या दिवशी ठेवून घेत नाही, काका. तू पाच वर्षं ठेवलंस. मला तुझ्याशिवाय हे काम करायचं नाहीये. पण त्या बाईंना वाटतंय तू निष्काळजी आहेस, आणि ते मला सहन होत नाही. बहिरा म्हण, म्हातारा म्हण, भोंगा म्हण. निष्काळजी नाही."

हे सगळं त्याला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. तो माझ्याकडे बघत होता खरा. "टक् मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं असेल. मला वाटायचं हल्लीचे प्लगच तसे येतात." मग गुडघ्यावर हात टेकून उठला, पिशवी तिथेच ठेवली आणि खाली गेला. मी मागोमाग.

ऑफिसचं दार उघडंच होतं. मेट्रनबाई काहीतरी लिहीत होत्या. काका उंबऱ्यात उभा राहिला. तोंडाशी हात नेला, मान खाली घातली, डोळे बारीक केले. एखाद्या अनोळखी बाईला एकांतात एक खाजगी गोष्ट सांगावी, तशा अगदी नाजूकपणे त्याला ते सांगायचं होतं.

"बाई, मला ऐकू येत नाही."

खालच्या मजल्यावरची बाराही दारं उघडली. वरच्या मजल्यावरूनही कुणीतरी कठड्यावरून वाकलं. रात्रपाळी करून आलेल्या, उशीची घडी गालावर उमटलेल्या सिस्टर आपापल्या दारात उभ्या राहून माझ्या काकाकडे बघत होत्या. त्याची पाठ त्यांच्याकडे होती, त्याला काहीच माहीत नव्हतं. तो आपला हळू आवाजात सांगत होता.

"प्लग बसला की टक् होतो, तो मला कळत नाही. म्हणून ती तार सुटली. घाई नव्हती. मी खोटं बोललो. ही माझी पुतणी मागून बघते, पण तिला ते माझ्यापासून चोरून करावं लागायचं. आता चोरायचं कारण नाही. मी लावीन, ती ऐकेल, मगच स्क्रू."

कुणी हसलं नाही. एकही दार लागलं नाही. मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, मलाही जेमतेम ऐकू येईल असं.

काकाची मान हलायला लागली. मला दिसलं. मग ती थांबली.

"ऐकू आलं नाही, बाई," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

बाई खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून त्याच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाल्या, "वरचा मजला कधी पूर्ण होईल, असं विचारलं मी."